येतो आणि जातो : पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेतला लपंडाव

मित्रहो, ऑटोमोबाईलच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो, "कॅनिस्टरचे कार्य सांगा." आपण एका दमात उत्तर देतो, "सर, पेट्रोलची वाफ साठवणे," आणि दोन मार्क खिशात टाकून बाहेर पडतो. मीही तसाच बाहेर पडलो होतो. पण पुढच्याच सेमिस्टरला त्याच कॅनिस्टरने आम्हा चार जणांची अशी काही व्हायवा घेतली, की पुस्तकात काय लिहिलेले नसते हे चांगलेच समजले. तीच हकीकत आणि त्यातून शिकलेली पद्धत इथे लिहीत आहे. मेकॅनिकलवाल्यांना उपयोग होईलच, पण इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही पाने उलटू नयेत. "मघाशी एरर येत होती, आता येत नाही" हे दुखणे तुमच्याही घरचेच आहे!

काकांची गाडी

आमच्या मेसचे काका रोज पहाटे टेकडी उतरून मार्केट यार्डात जातात आणि आठच्या सुमारास भाजी, कांदे, बटाटे भरून वर येतात. त्यासाठी त्यांनी एक सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे, २०१८ सालची, म्हणजे बी.एस.-४. या गाडीच्या तीन तक्रारी होत्या. पहिली, डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी आपोआप विझायचा. दुसरी, दुपारी उन्हात उभी असली की मागच्या बाजूला पेट्रोलचा वास यायचा. तिसरी, एखाद्या सकाळी सिग्नलला उभी असताना गाडी मिसिंग करायची, आता बंद पडते की काय असे वाटायचे, आणि थोड्या वेळाने शहाण्यासारखी चालायची.

काकांनी दोन-तीन गॅरेज पालथी घातली. दिव्यासाठी पर्ज व्हॉल्व्ह नवा बसला. वासासाठी आधी पेट्रोलचे झाकण, मग कॅनिस्टर बदलला. मिसिंगसाठी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ झाले. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गाडी ठीक, आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी एकाने सांगितले, "ईसीयू गेलाय. जुना मिळवून बसवतो, अठरा हजार."

त्या रात्री वाढता वाढता काका म्हणाले, "पोरांनो, अठरा हजारात माझा बराचसा किराणा येतो. तुमच्या पुस्तकात याचं काही लिहिलंय का बघा. नाहीतर गाडी विकतो आणि भाजीला टेम्पो लावतो." टेम्पो लावला की मेसचा दर वाढणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यामुळे आमची ज्ञानलालसा एकदम जागी झाली.

आधी यंत्रणा समजून घेऊ

पेट्रोल हा उडणारा पदार्थ आहे. गाडी नुसती उभी असली तरी टाकीत वाफ तयार होत राहते आणि ऊन लागले की तिचा दाब वाढतो. ही वाफ बाहेर सोडली तर त्यातले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सूर्यप्रकाश मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. शिवाय त्यात थोडे बेंझीनही असते, जे शरीराला घातक आहे. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि सगळ्या अमेरिकेत १९७१ पासून गाड्यांना ही वाफ अडवणे सक्तीचे झाले. आपल्याकडे पेट्रोल गाडीला बंद खोलीत ठेवून 'शेड' नावाची चाचणी करतात. त्या चाचणीत गाडीतून सुटणाऱ्या वाफेची मर्यादा २ ग्रॅम आहे. दोन ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा पेट्रोल! बी.एस.-४ पासून तर दुचाकींनाही वाफेची मर्यादा आली, म्हणून आता मोटारसायकललाही कॅनिस्टर दिसतो.

यंत्रणा तशी साधी आहे. टाकीतली वाफ होज पाइपने कॅनिस्टरमध्ये जाते. त्यात सक्रिय कोळसा असतो. या कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांचे क्षेत्रफळ एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर भरते आणि वाफ त्याला चिकटून बसते. पण कोळसा म्हणजे काही अक्षय्य पात्र नव्हे, तो भरतो. म्हणून इंजिन गरम झाले की ईसीयू पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इनटेक मॅनिफोल्डमधल्या निर्वातामुळे बाहेरची हवा कॅनिस्टरमधून ओढली जाते, चिकटलेली वाफ सोबत येते आणि इंजिनात जळून जाते. कॅनिस्टर पुन्हा रिकामा. उन्हात भरायचे आणि चालताना रिकामे व्हायचे, असा त्याचा रोजचा दिनक्रम.

पर्ज व्हॉल्व्ह हा एक सोलेनॉइड आहे. वीज नसताना तो बंद असतो. त्याला एका वायरने रिलेमधून १२ व्होल्ट मिळतात आणि दुसरी वायर ईसीयू एका सेकंदात अनेकदा अर्थला जोडतो आणि तोडतो. जोडलेल्या वेळेचे प्रमाण वाढवले की वाफ जास्त येते. कान लावला तर टिकटिक ऐकू येते. ही टिकटिक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. पुस्तकात आणि व्हिडिओत आपण जे वाचतो-बघतो ते बहुतेक अमेरिकन गाड्यांचे असते. तिथल्या ओबीडी-२ मध्ये (१९९६ पासून) ईसीयू सगळी यंत्रणा बंद करून तिच्यात गळती आहे का, हे दाबावरून तपासतो. पुढे तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही पकडणे सक्तीचे झाले. म्हणून तिकडचा पहिला सल्ला असतो, "झाकण घट्ट लावा." आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. त्यात पर्ज नियंत्रणाचे विजेचे सर्किट अखंड आहे की नाही हे तपासणे ही किमान अट आहे, गळती तपासायची सक्ती नाही. म्हणजे आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत झाकण सैल राहिले तरी दिवा लागेलच असे नाही. आणि पीयूसीच्या भरवशावर तर राहूच नका. पीयूसीत सायलेन्सरमधून निघणारा धूर तपासतात. टाकीच्या बाजूने वाफ सुटत असेल तर ती त्या नळीत येणारच कशी? काकांच्या गाडीचे पीयूसी शंभर टक्के पास होते.

आमची पहिली चूक

आमच्या रूममध्ये एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल होता. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला, मोबाईलवर कोड आला : पी-०४४४. अर्थ, पर्ज व्हॉल्व्हचे सर्किट तुटलेले. आम्ही व्हॉल्व्हचा कपलर काढला, पुन्हा दाबून बसवला आणि मोबाईलवर 'क्लिअर'चे बटण दाबले. दिवा गेला! काकांनी खुशीत प्रत्येकाला दोन-दोन गुलाबजाम जास्त वाढले. नवव्या दिवशी दिवा परत आला आणि गुलाबजाम कडू लागायला लागले.

आमच्या लॅबमधले भाऊ गेली कित्येक वर्षे गाड्या बघत आहेत. त्यांना सांगितले तर ते म्हणाले, "अरे, चोरी झालेल्या घरात आधी झाडू मारलात की!" आणि ते खरेच होते. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणीचे एक छायाचित्रही साठवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनचे फेरे, वेग, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा भार, इंधनाची दुरुस्ती, सगळे त्यात असते. कोड पुसला की हेही पुसले जाते. आम्ही दोष नव्हे, पुरावा पुसला होता.

बरं, दिवा आपोआप विझला म्हणजे दोष गेला असेही नाही. युरोपच्या वळणाच्या नियमात सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझू शकतो, पण कोड चाळीस वॉर्म-अप सायकलपर्यंत स्मरणात राहू शकतो. (वॉर्म-अप सायकल म्हणजे कूलंट निदान २२ अंशांनी चढून ७० अंश सेल्सिअसला पोचले पाहिजे.) त्यामुळे दिवा विझल्यावरही कोड वाचायला जावे आणि वाचल्यावर आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवावा. पुसायचे सर्वांत शेवटी.

दोष जात नाही, परिस्थिती जाते

भाऊंनी मग एक वाक्य सांगितले, तेच या लेखाचे सार आहे : "दोष येत-जात नाही रे, तो तिथंच असतो. तो दिसायला जी परिस्थिती लागते, ती येते-जाते."

विचार करा. वायर आतून तुटली आहे, पण दोन टोके टेकलेली आहेत. व्हॉल्व्हमध्ये कोळशाची भुकटी अडकते, पण एखाद्याच वेळी. होजला चीर आहे, पण थंड असताना ती मिटते. म्हणून "दोष कुठे आहे?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "दोष केव्हा असतो?" केव्हाचे उत्तर मिळाले की कुठेचे उत्तर निम्मे मिळते. ही केव्हाची यादीही फार मोठी नसते : गरम की थंड, भार की मोकळी, खड्डे की सपाट, ओल की कोरडे, टाकी भरलेली की रिकामी, पेट्रोल भरल्यानंतर लगेच की एरवी.

गॅरेजवाल्यांचे इथेच चुकले होते. गाडी सकाळी उतारावरून, रिकामी, खाली गॅरेजला जायची. म्हणजे ज्या परिस्थितीत दोष दिसत नाही, नेमक्या त्याच परिस्थितीत तिची तपासणी व्हायची. डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो, त्यातलाच प्रकार.

मेसच्या वहीचे मागचे पान

आम्ही काकांना विनंती केली, "काका, रोजची नोंद ठेवा." त्यांनी मेसच्या हिशोबाच्या वहीचे मागचे पान दिले. रकाने आम्ही आखले : तारीख, वेळ, जाताना की येताना, माल किती, पेट्रोल किती, दिवा, वास, मिसिंग. शेवटचा रकाना आमचा, 'कोड'.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ईसीयूला दोष पहिल्यांदा दिसला की बहुतेक गाड्यांत तो आधी 'पेंडिंग' कोड म्हणून टिपला जातो. पुन्हा दिसून पुष्टी झाल्यावर दिवा लागतो. म्हणजे दिवा ही उशिरा आलेली बातमी आहे. म्हणून आमच्यातला एक जण रोज गाडी मेसच्या दारात थांबली की लगेच डोंगल लावून पेंडिंग कोड वाचायचा. नुसता वाचायचा, पुसायचा नाही. आठ वाजता उठणे हा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने विज्ञानासाठी केलेला केवढा त्याग आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

सतरा दिवसांनी पान असे दिसत होते : गाडी माल भरून १४ वेळा टेकडी चढली, त्यात ६ वेळा पेंडिंग कोड आला. माल न घेता वर आली तेव्हा एकदाही नाही. उतरताना एकदाही नाही. वास आला तो बहुधा कोड आलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि मिसिंग? ते कोड आलेल्या फेरीत कधीच नव्हते. ते यायचे दुसऱ्या दिवशी सकाळी, यार्डात पोचता पोचता.

दरम्यान दिवा पुन्हा लागला आणि या वेळी फ्रीझ फ्रेम आमच्या हाती आली : कूलंट ९४ अंश, वेग ताशी १७ किलोमीटर, फेरे २३००, भार ८६ टक्के. म्हणजे पहिला गियर, भरलेली गाडी, हॉस्टेलचा शेवटचा चढ. वहीने जे सांगितले तेच ईसीयूने सांगितले.

दोन संशयित : उष्णता आणि भार

चढावर इंजिन गरमही असते आणि भारही असतो. मग दोषी कोण? नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी उष्णता. लॅबमधला स्कॅनर मागून आणला, कारण साधा डोंगल व्हॉल्व्हला आज्ञा देऊ शकत नव्हता. गाडी सपाटीवर उभी करून पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवली, मग इंजिन बंद, इग्निशन चालू आणि स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवला. टिकटिक सुरळीत. दहा मिनिटे ऐकली, थांबली नाही. उष्णतेला क्लीन चिट.

इथे पहिल्या गॅरेजची एक गंमत सांगतो. त्यांनी गरम इंजिनवर जुन्या व्हॉल्व्हचा रेझिस्टन्स मोजला होता, आला ३० ओहम. मॅन्युअलमध्ये होते २४, म्हणून "व्हॉल्व्ह वीक झालाय." आता फर्स्ट इयरचे फिजिक्स आठवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना २४ ओहम असेल तर ९० अंशांना :

२४ × (१ + ०.००३९ × ६५) = सुमारे ३० ओहम.

म्हणजे व्हॉल्व्ह ठणठणीत होता! रेझिस्टन्स मोजताना तापमान लिहिले नाही तर तो आकडा नुसती अफवा आहे. दुसरे म्हणजे कपलर काढून व्हॉल्व्हच्या पिना मोजल्या की फक्त कॉइल मोजली जाते. कपलरच्या मागची वायर त्या मोजमापात येतच नाही. कोड म्हणतो 'सर्किट', आपण वाचतो 'व्हॉल्व्ह'. कोड हा रोगाचा पत्ता नव्हे, फार तर गल्लीचे नाव.

मग भार. चढावर भार आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलते. बॉनेट उघडून कोणी रेस दिली तर इंजिन हलताना आपण पाहतोच. व्हॉल्व्ह इंजिनवर, वायरिंगचे दुसरे टोक बॉडीवर. इंजिन कलले की मधली वायर ताणली जाणार. चालत्या इंजिनवर भार देऊन समोर उभे राहणे जिवावरचे आहे, म्हणून आम्ही तो उद्योग केला नाही. इंजिन बंदच ठेवून टिकटिक चालू केली, आणि भाऊंनी वायरिंग वीत वीत धरून हळूच, इंजिन ज्या बाजूला कलेल त्या दिशेने ओढले.

पहिली वीत, टिकटिक चालू. दुसरी वीत, चालू. कपलरच्या मागे साधारण दोन बोटांवर ओढले आणि टिकटिक थांबली. सोडले, चालू. ओढले, बंद. चौघेही एकदम ओरडलो. मेसमधून काका हातात झारा घेऊन धावत आले, त्यांना वाटले कोणाचा हात अडकला.

खात्रीसाठी कपलर न काढता मागच्या बाजूने मल्टीमीटरचा प्रोब लावला. १२ व्होल्टच्या वायरवर १२.३ व्होल्ट, वायर ओढली की शून्याजवळ. टेप उकलली. वरचे आवरण धड, आत तांबे तुटलेले. टोके टेकली की सर्किट पूर्ण, ताण आला की तुटले.

एक वायर, तीन तक्रारी

आता कोडे जुळवून बघा. चढावर वायर तुटायची, ईसीयू कोड टिपायचा, ही पहिली तक्रार. सर्किट तुटले की व्हॉल्व्ह बंदच राहायचा, कॅनिस्टर रिकामा व्हायचा नाही, आणि उन्हात तो भरून वाफ बाहेर यायची, हा वास. दुसऱ्या दिवशी उतारावर वायर पुन्हा टेकायची, ईसीयू नेहमीप्रमाणे पर्ज सुरू करायचा, आणि तुडुंब भरलेल्या कॅनिस्टरमधून वाफेचा लोंढा इंजिनात यायचा. मिश्रण एकदम रिच, म्हणून मिसिंग. नंतर मोबाईलवर पाहिलेही : पर्ज चालू असताना इंधनाची दुरुस्ती उणे १६ टक्के, पर्ज शून्य झाला की उणे १. इंजेक्टर गळत असता तर पर्ज बंद असतानाही आकडा उणेच राहिला असता. म्हणजे इंजेक्टर साफ करण्याचे पैसे पाण्यात गेले.

आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-पंधरा दिवस बरे का वाटायचे? व्हॉल्व्ह बदलताना वायर हलली आणि टोके नीट टेकली. नवा कॅनिस्टर रिकामा होता, भरायला दिवस लागले. गॅरेजवाल्यांनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी बदललेला प्रत्येक भाग तक्रारीशी संबंधित होता. कारण आणि परिणाम यांच्यात एक रात्र गेली होती, आणि ती रात्र कोणी हिशोबात धरली नव्हती, एवढेच.

पण वायर तुटली का? हा प्रश्न विचारल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. वायरिंगला धरणारी क्लिप जागेवर नव्हती, पूर्वीच्या कुठल्यातरी कामात निघालेली असणार. आणि इंजिनच्या एका माउंटिंगचे रबर बसले होते, त्यामुळे इंजिन जास्त कलत होते. नुसती वायर जोडली असती तर ती वर्षभरात पुन्हा तुटली असती. आम्ही तुटका भाग कापून त्याच जाडीची नवी वायर जोडली, त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह घातली, थोडी ढील ठेवली, क्लिप लावली आणि माउंटिंग गॅरेजमधून बदलून घेतले. अठरा हजारांचे काम सतराशेत झाले.

बरी झाली हे ठरवायचे कसे?

इथे एम-थ्रीचे ऋण फेडायची संधी मिळाली. दुरुस्तीआधी भरलेल्या १४ चढांत ६ वेळा दोष, म्हणजे दोष न दिसण्याची शक्यता १४ पैकी ८, सुमारे ०.५७. आपण काहीच दुरुस्त केले नसते, तरी सलग तीन चढ निव्वळ नशिबाने निर्दोष जाण्याची शक्यता ०.५७ चा घन, म्हणजे सुमारे १९ टक्के. पाच चढांना सुमारे ६ टक्के. बारा चढांना ०.१२ टक्के, आठशेत एक! (प्रत्येक चढ स्वतंत्र धरला आहे, सरांनी नोंद घ्यावी.)

म्हणजे गॅरेजची सपाट रस्त्यावरची एक फेरी काहीच सिद्ध करत नाही. चाचणी त्याच परिस्थितीत आणि पुरेशा वेळा झाली पाहिजे. आम्ही बारा फेऱ्या ठरवल्या. माल कमी होता त्या दिवशी बटाट्याच्या दोन पोत्यांसोबत आम्ही चौघे बसलो आणि कसोटीचे वजन पुरवले. बाराही चढांत पेंडिंग कोड आला नाही. ऑक्टोबरच्या उन्हातही मागे वास नाही.

आणखी काही लपंडाव

प्रत्येक गाडीत वायरच तुटेल असे नाही. काही नेहमीच्या खुणा :

१) पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्ट होत नाही, एरवी उत्तम : पर्ज व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसण्याचा संशय घ्या. इंजिन आयडलिंगला ठेवून, स्कॅनरवर पर्ज शून्य असताना, कॅनिस्टरकडची होज काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गळतो. दर वेळी गळेलच असे नाही, म्हणून गरम आणि थंड, दोन्ही वेळा बघा.

२) झाकण उघडताना नेहमीपेक्षा जोरात 'फुस्स' होते, किंवा पंपावर नोझल सारखे कट होते : कॅनिस्टरची हवा येण्याची वाट चिखलाने किंवा धुळीने अडली आहे का पाहा. पावसाळ्यानंतर विशेष.

३) वास फक्त टाकी पूर्ण भरल्यावर येतो : टाकीच्या वरच्या भागातल्या होज, झाकणाचे रबर आणि फिलर पाइप तपासा.

४) कॅनिस्टर पुन्हा पुन्हा खराब होतो : आपली सवय तपासा. पंपावर नोझल आपोआप कट झाल्यावर आपण म्हणतो, "राउंड फिगर करा." त्या शेवटच्या दहा-वीस रुपयांचे पेट्रोल द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये जाऊ शकते, आणि कोळसा वाफेसाठी असतो, पेट्रोलसाठी नव्हे.

जपून!

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. तपासणी उघड्यावर करा, विडी-सिगारेट, गॅसची शेगडी, ठिणगी दूर ठेवा. गळती शोधायला खास स्मोक मशीन असते, ते फक्त ३-४ किलोपास्कलच्या दाबावर धूर सोडते. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडाल तर नसलेली गळतीही तयार होईल. आमच्यातल्या एका थोर संशोधकाने उदबत्तीचा धूर सोडायची कल्पना मांडली होती. भाऊंनी त्याची उदबत्ती जप्त केली. तुम्हीही हा प्रयोग करू नये.

तर मित्रहो, लपंडाव खेळणारा दोष समोर आला तर पाना नंतर उचला, वही आधी उघडा. आधी फ्रीझ फ्रेम लिहा, मग केव्हा, मग कुठे, मग का. आणि शेवटी त्याच चढावर पुरेशा वेळा परीक्षा. यातली एकही पायरी महाग नाही, पण कंटाळवाणी प्रत्येक आहे.

काका अजूनही वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवतात. परवा पाहिले तर 'दिवा' या रकान्यात ओळीने 'नाही, नाही, नाही' लिहिले होते आणि 'कोड' या आमच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक नवी नोंद केली होती : "चार पोरं. प्रत्येकी दोन गुलाबजाम. बाकी."

बाकी अजून मिळालेली नाही. पाठपुरावा चालू आहे.